फाटली नाही, पण संपली आहे

"सिस्टर, कुठीच भोक नाई पडलं, मंग फेकू कायले?"

बोरी अरबच्या आमच्या वस्तीत हा प्रश्न मी किती जणींच्या तोंडून ऐकला, याची मोजदाद नाही. प्रश्न बॉडीबद्दलचा असतो. कोणी बॉडी म्हणतं, कोणी ब्रेसियर, मुली ब्रा म्हणतात. या लेखात मी ब्रा असंच लिहिणार आहे. शब्द आडून आडून वापरला की विषयही आडच राहतो. हे पान काही विहारांत मोठ्याने वाचलं जातं, हे मला ठाऊक आहे. वाचा. घरातल्या पुरुषांनीही वाचावं. कपड्यालत्त्याचा हिशेब त्यांच्या हातात असेल तर जरूर वाचावं.

हा विषय मला कसा सुचला ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही बायकांची तपासणी ठेवली होती. बीपी, साखर, आणि तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनांची तपासणी. डॉक्टर बाई होत्या, दाराला पडदा होता. पंचेचाळिशी ओलांडलेली एक मजूर बाई रांगेत बसली होती. तिचा नंबर आला आणि ती उठून चालू लागली. "कामावर जायचं हाये." मी तिच्या मागे हापशीपर्यंत गेले. तेव्हा हळूच म्हणाली, "आतली लय जुनी हाये ना ताई. डॉक्टरीनबाईले कशी दाखवू?" हुकाच्या जागी सेफ्टी पिन होती आणि पट्टा जुन्या लुगड्याच्या काठाने वाढवलेला होता.

मी बरीच वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. अशा बाईच्या नावापुढे मी रजिस्टरमध्ये "तपासणीस नकार" एवढंच लिहीत आले. बाई लाजते, अडाणी आहे, असं मनात धरून. अंग दाखवायची लाज वेगळी आणि अंगावरच्या फाटक्याची लाज वेगळी, हे मला हापशीवर कळलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भोक नसताना ब्रा संपते कशी?

आपल्याला वाटतं, ब्राचा सगळा भार खांद्याच्या पट्ट्या घेतात. तसं नाही. छातीखालून पाठीमागे जाणारा जो रुंद पट्टा असतो, खरं वजन तो पेलतो. तो बरगड्यांना नीट बसला तर खांद्यावर फारसं काही येत नाही. या पट्ट्याच्या विणीत रबरासारखा लवचीक धागा असतो, म्हणून तो ताणला जातो आणि परत जागेवर येतो. रोजचा ताण, घाम, गरम पाणी, कपडे पांढरे करायचं ब्लीच, पिळून पिळून वाळत घालणं आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, यांनी तो धागा आतल्या आत तुटत जातो. सुती कापड मात्र शाबूत असतं. आपल्या डोळ्याला कापड दिसतं, धागा दिसत नाही.

पोराच्या चड्डीचं इलॅस्टिक गेलं की चड्डी खाली येते, लगेच कळतं. ब्रा खाली येत नाही, कारण खांद्याच्या पट्ट्या तिला टांगून धरतात. मग बाई त्या पट्ट्या आणखी आवळते. सगळं वजन दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर, खांद्याच्या मांसावर. कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईची मान आणि पाठ दुखायला दुसरी कारणं आहेतच. हे एक त्यात भर घालतं. खांद्यावर कायमचे खड्डे पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. तुमच्याच खांद्यावर असतील तर हात लावून बघा.

हाताने आणि आरशाने करायची पारख सांगते. ब्रा घालून लेकीला किंवा शेजारणीला मागून पाहायला सांगा. पट्टा पाठीवर आडवा, समोरच्याइतक्याच उंचीवर असेल तर ठीक. मागून वर चढून खांद्यांच्या पाखांकडे गेला असेल तर तो सैल आहे. दोरीवर कपडे टाकतो तसे दोन्ही हात वर करा. पट्टा छातीवर सरकला तरी सैलच समजा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. मग ब्रा काढून पट्टा हाताने वीतभर ताणा आणि सोडा. चटकन मिटला तर जीव आहे. हळूहळू आला, कडेला लाटा राहिल्या, ताणताना बारीक करकर ऐकू आली, तर धागा गेला. कपात चुण्या पडत असतील किंवा छाती वरून, काखेतून बाहेर येत असेल, तर माप चुकलंय. ब्रा नवी असली तरी उपयोगाची नाही. तारेच्या ब्रामधली तार टोचू लागली की ती त्याच दिवशी काढून टाका. त्याने कातडी चिरलेली मी पाहिली आहे.

सगळ्यात सोपी खूण हुकांची. मागे हुकांच्या दोन-तीन ओळी असतात त्या बाई जाडी-बारीक होते म्हणून, असं बहुतेकींना वाटतं. नवी ब्रा घेताना ती सगळ्यात सैल, म्हणजे कडेच्या ओळीवर नीट बसली पाहिजे. काही महिन्यांनी पट्टा ढिला पडला की मधल्या ओळीवर यायचं, मग शेवटच्या. शेवटच्या ओळीवर लावूनही पट्टा वर चढत असेल, तर तिचा हिशेब संपला. नवी घेतानाच जी शेवटच्या हुकावर लावावी लागते, ती पहिल्या दिवसापासून म्हातारी असते.

किती महिने टिकते, असं विचारतात. आलटून पालटून वापरली तर साधारण सहा महिने ते वर्षभर. पण रात्री धुवायची आणि सकाळी तीच ओलसर अंगात चढवायची, असं असेल तर तिला विसावाच नाही. ती त्याआधीच जाते. दोन-तीन असल्या की प्रत्येक जास्त टिकते, म्हणून दोन घेणं हा उधळेपणा नव्हे. आणि कॅलेंडरपेक्षा हाताचं ऐका. बाळंतपणानंतर, दूध तोडल्यावर, पाळी जाताना, वजन पाच-सात किलो इकडेतिकडे झालं की अंगच बदलतं. अंगावर पाजणाऱ्या आईने तर घट्ट ब्रा अजिबात घालू नये. एकाच जागी दाब पडून दुधाची नळी तुंबते, गाठ येते, ताप येतो. बाळ प्यायल्यावरही छातीचा एखादा भाग दगडासारखा राहिला तर आधी ब्रा बघा, आणि ताप असेल तर दवाखान्यात जा. पाजणं मात्र थांबवू नका.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब मुद्दाम बायकांशी बोलले, ते याच अंगावरच्या कपड्यांबद्दल. लुगडं कसं नेसावं, हातापायांतले जुन्या खुणेचे जाड दागिने का टाकावेत, आणि कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असावा, हे त्यांनी सांगितलं. बायकांनी लगेच लुगडं नेसायची पद्धत बदलली, अशी नोंद आहे. आमच्या आजी-आईने ती शिकवण पाळली. ठिगळ लावलेलं पण धुऊन स्वच्छ केलेलं लुगडं मी लहानपणी पाहिलंय. ठिगळाचं लुगडं अंग पूर्ण झाकतं, त्याचं काम होतं. ब्राला मात्र ठिगळ लागू पडत नाही, कारण तिचं काम कापड करत नाही, ताण करतो. आणि दुसरी गोष्ट, जरा कडू. चौदा एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण नवी पांढरी साडी घेतो, ब्लाऊज शिवून घेतो. त्याच्या आत दोन वर्षांची जुनी. (जाता जाता: पांढऱ्या ब्लाऊजमधून पांढरी ब्रा दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. दुकानात बाया उलटंच समजून घेतात.)

स्वच्छतेचा मुद्दा मी एवढ्यावर सोडणार नाही, कारण खरा आजार तिथे आहे. सैल ब्रामुळे छाती खाली पोटाच्या कातडीला चिकटते. त्या घडीत घाम साचतो, वारा लागत नाही, आणि बुरशी धरते. लाल चट्टा, आग, खाज, पांढरट सालपटं, कधी वास. जून ते ऑक्टोबर या दिवसांत मी वस्तीत बसले की दर आठवड्याला एक-दोघी तरी पदर आवळून हेच सांगतात. घडी साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, घासू नका. घरी असाल तेव्हा घडीत धुतलेल्या मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, चट्टा गेल्यावरही काही दिवस. मेडिकलवाल्याकडे "खाजेची ट्यूब द्या" असं म्हणू नका. खाज लगेच थांबवणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. मलम लावूनही चट्टा पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. अशा चट्ट्यावरून पहिल्यांदा मधुमेह सापडलेल्या बायका आपल्या वस्तीत आहेत.

आणि ती ब्रा वाळते कुठे? परकराखाली, टॉवेलच्या आड, न्हाणीच्या कोपऱ्यातल्या खिळ्यावर. नवऱ्याचं बनियन मात्र रस्त्याकडच्या दोरीवर झेंड्यासारखं. दुसऱ्या कपड्याखाली दडपलेली ब्रा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर ब्रा म्हणजे बुरशीला खत. ती मोकळ्यावर, वारं लागेल अशा जागी, उघडी वाळत घाला. मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात इलॅस्टिक करपतं, म्हणून सकाळचं ऊन किंवा सावली बरी. खांद्याच्या पट्टीने न टांगता मधून दुमडून दोरीवर टाका. एका सासूबाईंनी मला विचारलं, "लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, लोकांच्या घरी बायका नाहीत का?

फवारणीच्या दिवसांबद्दल वेगळं सांगते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ते दिवस आपण विसरलो नाही. पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी आणणारी, औषध कालवणारी, फवारलेल्या ओळीतून निंदणारी बाई असते. औषधाने ब्लाऊज भिजला की ब्राही भिजते, आणि फोमच्या कपाची ब्रा स्पंजसारखं औषध धरून ठेवते, तेही थेट कातडीला. भिजले की कपडे बदला, अंग साबणाने धुवा, आणि ते कपडे बाकीच्या धुण्यात मिसळू नका. लेकराला पाजत असाल तर आधी आंघोळ. शेतातल्या कामाला साधी सुती, बिनफोमची ब्रा घ्या.

आता माप. बायका वर्षानुवर्षं एकच आकडा सांगतात, लग्नाच्या वेळी आईने घेतलेला. ब्लाऊज शिवणारीकडे टेप असतोच; नसेल तर सुतळी आणि पोरांची पट्टी. छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवरून टेप घट्ट गुंडाळा. समजा ३४ इंच आलं. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून सैलसर घ्या. समजा ३६ आलं. फरक दोन इंच. एक इंच फरक म्हणजे कप ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. ही बाई ३४ बी. खालचं माप विषम आलं तर पुढचा सम आकडा धरा. कंपनीकंपनीत फरक असतो, त्यामुळे हा आकडा सुरुवातीचा समजा. आठवडी बाजारात घालून पाहायची सोय नसते, पण एक युक्ती आहे. कुडत्यावरूनच ब्रा उलटी, कप पाठीकडे करून, बरगड्यांभोवती लावा. कडेच्या हुकावर नीट बसली तर पट्टा बरोबर. कप घरी पाहायचा, म्हणून बदलून देणाऱ्या दुकानातून घेतलेली बरी.

सगळंच फेकायला लावते आहे असं नाही. हूक वाकला, तुटला, तर हुकाची तयार पट्टी मिळते, शिवून घ्या. खांद्याची पट्टी बदलता येते. कप चांगले असतील तर शिवणारी खालचं इलॅस्टिकही बदलून देते. आणि पैशाची पुरचुंडी, मोबाईल त्यात कोंबू नका. पट्टा ताणतो, घामाने कातडी जळते. मोबाईलने किंवा काळ्या ब्राने कॅन्सर होतो असले मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका. अमेरिकेतल्या सिॲटलच्या संशोधकांनी दीड हजारावर पाळी गेलेल्या बायकांना विचारून २०१४ मध्ये सांगितलं की ब्रा घालण्याचा, किती तास घालता त्याचा, तारेचा, स्तनाच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

ब्रामुळे कॅन्सर होत नाही. पण ब्रा त्याची चुगली करू शकते. धुताना कपाच्या आतून बघत जा. दोन्हींपैकी एकाच कपात रक्ताचा किंवा तांबूस डाग पुन्हा पुन्हा दिसतोय? नेहमीची ब्रा एकाच बाजूला घट्ट होऊ लागली आहे? कातडीला खळी पडलीय, संत्र्याच्या सालीसारखी दिसते, बोंडी आत ओढली गेलीय, काखेत किंवा छातीत गाठ लागतेय? गाठ दुखत नाही म्हणून बसून राहू नका. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बऱ्याच साध्या निघतात. पण ते घरी बसून ठरत नाही.

आणि दाखवायला मोठं मशीन लागतंच असं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या बायका. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तिथे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूत तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. हाताची तपासणी तीस वर्षांवरच्या प्रत्येकीसाठी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे. आपल्या आशाताईला विचारा. त्यासाठी अंगावरचं काढावं लागतं, एवढंच.

हापशीवरच्या त्या बाईला मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दोन ब्रा दिल्या. मापाने. उपकार म्हणून नाही, तिने पुढच्या महिन्यात पैसे दिले. पंधरा दिवसांनी ती तपासणीला आली. डाव्या बाजूला, काखेकडे, लिंबाएवढी गाठ होती. तिला ठाऊक होती; आठ महिने ठाऊक होती.

यवतमाळ, मग नागपूर. पिवळं रेशन कार्ड होतं, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि पुढचं औषध झालं. डावी बाजू काढावी लागली. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी तिच्या सुती ब्राच्या डाव्या कपात आतून एक खिसा शिवला आणि कापसाची उशी करून दिली, मध्ये मोहरीची लहानशी पुरचुंडी, कारण दोन्हीकडे वजन सारखं नसलं की एक खांदा वर चढतो आणि पाठ धरते. उशी काढून ब्रा धुवायची, मोहरी दोन-तीन महिन्यांनी बदलायची.

ती आता पुन्हा वेचणीला जाते, पूर्ण दिवस नाही, दुपारपर्यंत. मागच्या महिन्यात घरी आली आणि पदराआडून नाही, सरळ पिशवीतून ब्रा काढून माझ्या हातात दिली. "सिस्टर, हे आता कवा बदलाची?" मी म्हटलं, तूच ताणून बघ. तिने वीतभर ताणली, सोडली. चटकन मिटली. "अजून चालते," म्हणाली, आणि घडी करून पिशवीत ठेवली.